वीज आणि विद्युत परिपथ : शालेय विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना विजेच्या धड्यांत ज्या शंका पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सूत्रे पाठ असूनही उदाहरणे चुकतात, याचे कारण बहुतेक वेळा गणितात नसते. विद्युतधारा उपकरणात ‘खर्च’ होते अशी समजूत मनात पक्की बसलेली असते आणि पुढचा सगळा गोंधळ तेथून सुरू होतो. म्हणून त्या प्रश्नाला येथे जास्त जागा दिली आहे.

वीज म्हणजे नेमके काय?

रोजच्या बोलण्यात आपण ‘वीज’ हा शब्द प्रभार, धारा, विभवांतर आणि ऊर्जा या चारही गोष्टींसाठी वापरतो. ‘वीज गेली’ म्हणताना आपल्या मनात विभवांतर असते, तर ‘वीज जास्त जळाली’ म्हणताना ऊर्जा असते. विज्ञानात मात्र या चार राशी वेगळ्या आहेत आणि त्यांची एककेही वेगळी आहेत. प्रभार कूलोममध्ये, धारा अँपिअरमध्ये, विभवांतर व्होल्टमध्ये आणि ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. या सर्वांच्या मुळाशी प्रभार आहे. अणूतील प्रोटॉन धनप्रभारित आणि इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित असतो. धातूंमध्ये प्रत्येक अणूचे एखाद-दुसरे इलेक्ट्रॉन अणूशी घट्ट बांधलेले नसतात, ते संपूर्ण धातूत मोकळेपणाने फिरतात आणि म्हणूनच त्यांना मुक्त इलेक्ट्रॉन म्हणतात. तांब्याची तार विद्युतवाहक ठरते ती त्यांच्यामुळे. रबर, काच किंवा कोरडे लाकूड यांच्यात असे मुक्त इलेक्ट्रॉन जवळजवळ नसल्यामुळे ते विसंवाहक असतात.

एक अँपिअर धारा म्हणजे किती?

तारेच्या एखाद्या छेदातून दर सेकंदाला जितका प्रभार पुढे जातो, ती विद्युतधारा. सेकंदाला एक कूलोम प्रभार गेला तर धारा एक अँपिअर. एका इलेक्ट्रॉनवरील प्रभार इतका अल्प असतो की एक कूलोम होण्यासाठी सुमारे ६२५ या आकड्यापुढे सोळा शून्ये लिहून होणारी संख्या भरेल इतके इलेक्ट्रॉन लागतात. घरातील ९ वॅटच्या एलईडी दिव्याला एक अँपिअरच्या विसाव्या भागाइतकी धाराही पुरते, तर २,००० वॅटचा गिझर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर धारा घेतो.

विभवांतर आणि धारा यांत फरक कोणता?

विभवांतर हे कारण आहे आणि धारा हा परिणाम. एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना जितके कार्य घडते, तितके त्या दोन बिंदूंमधील विभवांतर. १.५ व्होल्टचा सेल परिपथातील प्रत्येक कूलोम प्रभारामागे १.५ ज्यूल ऊर्जा पुरवतो आणि भिंतीवरील २३० व्होल्टचे सॉकेट त्याच एका कूलोममागे २३० ज्यूल पुरवते. विभवांतर नेहमी दोन बिंदूंमध्येच असते, त्यामुळे ‘या बिंदूचे विभवांतर किती’ हा प्रश्नच अपुरा आहे. याच कारणाने व्होल्टमीटर उपकरणाच्या दोन टोकांना समांतर जोडतात. ॲमीटर मात्र परिपथ मध्ये तोडून एकसर जोडावा लागतो, कारण मोजायची असलेली धारा त्याच्यातूनच जायला हवी. टेबलावर पडलेल्या सेलच्या दोन टोकांमध्ये विभवांतर असते, पण परिपथ पूर्ण नसल्यामुळे धारा शून्य असते. या दोन राशी वेगळ्या आहेत, याचा यापेक्षा सोपा पुरावा नाही.

बल्बमधून बाहेर पडल्यावर धारा कमी होते का?

होत नाही. वर्गात हा प्रश्न विचारला की ‘थोडी कमी होते, कारण काही बल्बने वापरली’ असे उत्तर अनेक जण देतात. त्यांचा तर्क अगदी निराधार नाही, कारण बल्बमध्ये काहीतरी खर्च होते हे खरेच आहे. फक्त जे खर्च होते ते धारा नसून ऊर्जा आहे. सेलने प्रभाराला दिलेली ऊर्जा बल्बमध्ये प्रकाश आणि उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. प्रभार स्वतः नष्ट होत नाही. तो तारेत कोठे साचूनही राहत नाही, म्हणून जितके इलेक्ट्रॉन दर सेकंदाला बल्बमध्ये शिरतात तितकेच दर सेकंदाला त्याच्यातून बाहेर पडतात.

सायकलची साखळी डोळ्यांसमोर आणावी. पायडल मारले की साखळीची प्रत्येक कडी मागच्या दातेरी चक्रापर्यंत जाते आणि परत येते. चाक फिरवण्यात साखळीची एकही कडी कमी होत नाही, तरीही पायांतील ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. साखळी कोठेही तुटली तर मात्र काहीच फिरत नाही. परिपथ पूर्ण असावाच लागतो, एक तार जोडून दिवा लागत नाही, याचे कारणही हेच आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत याची खातरजमा करता येते. सेल, बल्ब आणि ॲमीटर एकसर जोडून ॲमीटर आधी बल्बच्या एका बाजूला व नंतर दुसऱ्या बाजूला ठेवावा. दोन्ही ठिकाणी वाचन सारखेच येते. विद्यार्थ्यांनी हे वाचन स्वतःच्या हाताने एकदा तरी घ्यावे, असा आमचा आग्रह आहे, कारण ही समजूत सांगून जात नाही.

इलेक्ट्रॉन तारेत किती वेगाने जातात? बटण दाबताच दिवा कसा लागतो?

उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर धारा जात असेल, तर इलेक्ट्रॉनांची पुढे सरकण्याची सरासरी गती सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. या गतीने एक मीटर अंतर कापायला एका इलेक्ट्रॉनला पावणेचार तासांच्या आसपास लागतील. तरीही दिवा तत्क्षणी लागतो, कारण बटणापासून दिव्यापर्यंत इलेक्ट्रॉनांना प्रवास करावा लागत नाही. दिव्याच्या तंतूमध्येही मुक्त इलेक्ट्रॉन आधीपासून असतातच. परिपथ पूर्ण होताच विद्युतक्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सर्व तारेत प्रस्थापित होते आणि सर्वत्र असलेले इलेक्ट्रॉन जवळपास एकाच वेळी सरकू लागतात.

धारा धन टोकाकडून ऋण टोकाकडे, मग इलेक्ट्रॉन उलट कसे?

धन व ऋण ही नावे आणि धारेची दिशा यांचा संकेत अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काळापासून रूढ झाला. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली लावला, तोपर्यंत सर्व सूत्रे जुन्या संकेताप्रमाणे लिहिली गेली होती. ऋण प्रभार एका दिशेने जाणे आणि तितकाच धन प्रभार विरुद्ध दिशेने जाणे यांचा परिपथातील हिशेब सारखाच येतो, त्यामुळे संकेत बदलण्याची गरज पडली नाही. परीक्षेत धारेची दिशा विचारल्यास सेलच्या धन टोकाकडून बाहेरच्या परिपथातून ऋण टोकाकडे, असेच उत्तर द्यावे.

ओहमचा नियम सगळीकडे लागू पडतो का?

जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली हा नियम प्रसिद्ध केला. वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल, तर त्याच्यातून जाणारी धारा त्याच्या टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध आणि त्याचे एकक ओहम. एका बल्बला ३ व्होल्ट दिल्यावर ०.३ अँपिअर धारा जात असेल, तर त्याचा रोध १० ओहम.

नियमातील ‘भौतिक अवस्था कायम असेल तर’ हे शब्द विद्यार्थी सहसा गाळतात, पण नियमाचा अर्धा अर्थ त्यांत आहे. जुन्या पद्धतीच्या १०० वॅटच्या बल्बचा रोध तो प्रकाशत असताना सुमारे ५२९ ओहम असतो, तर बंद व थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असू शकतो, कारण टंगस्टनचा तंतू तापला की त्याचा रोध वाढतो. असे बल्ब अनेकदा बटण दाबण्याच्या क्षणीच उडत असत, कारण थंड तंतूतून त्या क्षणी खूप मोठी धारा जाते. डायोड आणि एलईडी तर हा नियम मुळीच पाळत नाहीत.

तारेचा रोध कशावर ठरतो?

लांबी, जाडी, पदार्थ आणि तापमान यांवर. लांबी दुप्पट केली तर रोध दुप्पट होतो, छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले तर निम्मा होतो. येथे एक सापळा आहे. व्यास दुप्पट केला तर क्षेत्रफळ चौपट होते आणि रोध चौथाई राहतो. पदार्थाचा गुणधर्म ‘रोधकता’ या राशीने सांगतात. निक्रोम या संमिश्राची रोधकता तांब्याच्या साठपटींहून अधिक आहे आणि ते लाल होईपर्यंत तापले तरी हवेत सहजासहजी जळत नाही, म्हणून शेगडी व इस्त्रीतील कुंतलासाठी ते वापरतात. उच्चदाबाच्या वाहिन्यांसाठी मात्र तांब्याऐवजी ॲल्युमिनिअम निवडतात. त्याची रोधकता तांब्याहून जास्त असली, तरी ते कितीतरी हलके आणि स्वस्त असते.

एकसर आणि समांतर जोडणीत फरक काय? घरात कोणती असते?

एकसर जोडणीत धारेला एकच वाट असते. प्रत्येक उपकरणातून तीच धारा जाते आणि विभवांतर त्यांच्यात वाटले जाते. समांतर जोडणीत प्रत्येक उपकरणाला पूर्ण विभवांतर मिळते आणि धारा वाटली जाते. ६ ओहम व ३ ओहमचे दोन रोध घेऊ. एकसर जोडल्यास एकूण रोध ९ ओहम. समांतर जोडून ६ व्होल्ट दिल्यास पहिल्यातून १ अँपिअर, दुसऱ्यातून २ अँपिअर, म्हणजे एकूण ३ अँपिअर धारा जाते आणि परिणामी रोध २ ओहम येतो. तो दोन्हींपैकी लहान रोधापेक्षाही कमी आहे. रोध वाढवला तर एकूण रोध कमी कसा झाला, असे अनेकांना वाटते. समांतर जोडणीत आपण धारेसाठी आणखी एक वाट उघडतो, हे लक्षात घेतले की शंका उरत नाही. उत्तर तपासण्यासाठीही याचा उपयोग करावा. समांतर जोडणीचे उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षा मोठे आले, तर गणित नक्की चुकले आहे.

दिवाळीतील जुन्या माळांमध्ये ६ व्होल्टचे सुमारे ३८ छोटे दिवे एकसर जोडून २३० व्होल्टचा मेळ घालत. एक दिवा गेला की सगळी माळ विझे आणि एकेक दिवा तपासत बसावे लागे. घरातील जोडणी समांतर असते. प्रत्येक उपकरणाला २३० व्होल्ट मिळावेत आणि स्वयंपाकघरातील दिवा बंद केल्याने बाहेरच्या खोलीतील पंखा थांबू नये, ही दोन्ही कामे समांतर जोडणीनेच होतात. बटण आणि फ्यूज मात्र नेहमी एकसर असतात, कारण त्यांचे कामच वाट तोडण्याचे आहे.

६० वॅट आणि १०० वॅटचे बल्ब एकसर जोडले तर कोणता जास्त प्रकाशेल?

६० वॅटचा. बल्बवर लिहिलेली शक्ती २३० व्होल्ट मिळाल्यावरची असते. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, म्हणून ६० वॅटच्या बल्बचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि १०० वॅटच्या बल्बचा ५२९ ओहम येतो. एकसर जोडणीत धारा समान असते आणि तेव्हा शक्ती धारेचा वर्ग गुणिले रोध इतकी असते. ज्याचा रोध जास्त त्याला शक्तीचा मोठा वाटा मिळतो. रोध स्थिर मानून हिशेब केला तर ६० वॅटच्या बल्बमध्ये सुमारे २३ वॅट आणि १०० वॅटच्या बल्बमध्ये सुमारे १४ वॅट शक्ती वापरली जाते. म्हणजे दोन्ही मंदच प्रकाशतात.

वीजबिलातील एक युनिट म्हणजे काय?

एक किलोवॅट-तास, म्हणजे १,००० वॅटचे उपकरण एक तास चालल्यावर वापरली जाणारी ऊर्जा. ती ३६ लाख ज्यूल इतकी भरते. २,००० वॅटचा गिझर पंधरा मिनिटांत अर्धे युनिट घेतो. ७५ वॅटचा पंखा दहा तासांत पाऊण युनिट घेतो, तर ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात दशांश युनिटही घेत नाही. महावितरण असो वा अन्य कोणती वीज कंपनी, ग्राहक पैसे देतो ते ऊर्जेचे. धारेचे नव्हे, कारण धारा तर जितकी घरात आली तितकीच परत गेलेली असते.

दिष्ट आणि प्रत्यावर्ती धारा म्हणजे काय? घरात प्रत्यावर्ती का देतात?

सेलची धारा एकाच दिशेने वाहते, ती दिष्ट. घरातील धारा दिशा बदलत राहते, ती प्रत्यावर्ती. भारतात तिची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते.

प्रत्यावर्ती धारेचा मोठा लाभ असा की रोहित्राच्या साहाय्याने तिचे विभवांतर सहज वाढवता किंवा कमी करता येते. दहा लाख वॅट शक्ती १,००० व्होल्टला पाठवायची तर १,००० अँपिअर धारा लागते. तीच शक्ती एक लाख व्होल्टला पाठवली तर १० अँपिअर पुरतात. तारांमध्ये उष्णतेने होणारी हानी धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून धारा शंभरपट कमी केल्यावर त्याच तारेतील हानी दहा हजारपट कमी होते. मुंबईला १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मिळू लागली. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता आज १,९६० मेगावॅट आहे. सह्याद्रीत तयार झालेली वीज दूरच्या शहरांपर्यंत परवडेल अशा रीतीने नेता येते ती या साध्या गणितामुळे.

दिष्ट धारा दूरवर नेताच येत नाही असे मात्र समजू नये. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची वाहिनी उच्चदाबाची दिष्ट धारा वाहून नेते. दोन्ही टोकांना रूपांतराची खर्चिक यंत्रणा लागते, पण इतक्या लांब अंतरावर ती परवडते.

सॉकेटला तीन भोके का असतात?

फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांसाठी. पाठ्यपुस्तकांत त्यांना अनुक्रमे वीजयुक्त, तटस्थ आणि भूसंपर्क तार म्हणतात. आपल्याकडील घरांच्या जुन्या जोडणीत त्या लाल, काळ्या आणि हिरव्या रंगाच्या असतात. न्यूट्रलमधून धारा जात नाही, हा समज चुकीचा आणि धोकादायक आहे. उपकरण चालू असताना फेजमध्ये असते तितकीच धारा न्यूट्रलमध्येही असते. भूसंपर्क तारेत मात्र एरवी धारा नसते. इस्त्री किंवा फ्रिजच्या धातूच्या आवरणाला आतील फेजचा स्पर्श झाला, तर धारेला जमिनीकडे जाण्यासाठी ती कमी रोधाची वाट देते. प्लगची वरची पिन जाड आणि लांब ठेवलेली असते, म्हणजे ती चुकीच्या भोकात बसत नाही आणि सर्वांत आधी जोडली जाऊन सर्वांत शेवटी सुटते. ती पिन कापून प्लग दोन भोकांत बसवण्याची सवय अजूनही दिसते आणि ती तत्काळ सोडली पाहिजे.

फ्यूज, एमसीबी आणि आरसीसीबी यांत फरक काय?

पहिली दोन साधने तारांना अतिधारेपासून वाचवतात. एकाच बोर्डावर इस्त्री, गिझर आणि ओव्हन लावल्यास अतिभार होतो. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना थेट चिकटल्यास लघुपरिपथन होते. अशा वेळी फ्यूजची तार वितळते किंवा एमसीबीचा खटका खाली पडतो. फ्यूज गेल्यावर जाड तांब्याची तार बसवणे म्हणजे घराच्या तारांनाच फ्यूज बनवणे होय.

परंतु १६ अँपिअरचा एमसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवू शकत नाही, कारण माणसाचा प्राण त्याच्या शेकडो पट कमी धारेने जाऊ शकतो. ते काम आरसीसीबी करते. फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परतलेली धारा समान आहे का, हे ती सतत तपासते. परिपथात धारा कमी होत नाही, मग फरक पडला तर त्याचा अर्थ एकच, काही धारा भलत्या वाटेने, कदाचित एखाद्याच्या शरीरातून, जमिनीत जात आहे. घरगुती वापराच्या आरसीसीबीमध्ये हा फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोहोचण्याच्या आतच परिपथ क्षणार्धात तोडला जातो.

तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का का बसत नाही?

त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, काही सेंटिमीटर अंतरावर असतात. तेवढ्या तारेचा रोध नगण्य असल्याने पायांमधील विभवांतरही नगण्य असते. त्याच पक्ष्याचा पंख दुसऱ्या तारेला किंवा लोखंडी खांबाला लागला तर तो वाचत नाही.

ओल्या हातांनी धक्का जास्त का बसतो?

कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, ओली झाल्यावर शरीराचा रोध १,००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला तेव्हा २३० मिलिअँपिअर धारा जाऊ शकते. सुमारे एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहाच्या पुढे स्नायू आखडून हातातील तार सोडता येत नाही आणि त्याहून मोठी धारा हृदयाचे ठोके बिघडवते. पावसाळ्यात पत्र्याच्या घरांत कपडे वाळत घालण्याच्या धातूच्या तारेत वीज उतरून दुर्घटना घडतात. तेथे नायलॉनची दोरीच बांधावी. कोणी विजेला चिकटलेले दिसले तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर करावी आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उच्चदाबाच्या तुटलेल्या तारेच्या मात्र काठी घेऊनही जवळ जाऊ नये.

घरी कोणते प्रयोग करता येतील?

सेलवर चालणारे सर्व. भिंतीच्या सॉकेटशी संबंधित एकही नाही. दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब, तारेचे तुकडे आणि सेफ्टी पिनचे बटण एवढ्यावर एकसर व समांतर जोडणीचे प्रयोग होतात. परिपथात थोडी फट ठेवून तेथे पेन्सिलचे शिसे, नाणे, खोडरबर, ॲल्युमिनिअमची फॉइल असे पदार्थ ठेवून वाहक कोणते ते शोधता येते. सेलची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडू नयेत, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. मोबाइलची बॅटरी तर उघडूही नये.

लिंबाचा घट अवश्य करून पाहावा. व्होल्टा यांनी १८०० साली जस्त, तांबे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे रचून जो पहिला विद्युतघट बनवला, त्याचेच हे रूप आहे. प्रत्येक लिंबात एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि एक तांब्याची जाड तार एकमेकांना न चिकटता खोचावी, एका लिंबाचे तांबे पुढच्या लिंबाच्या खिळ्याला जोडावे. एका लिंबातून सुमारे ०.९ व्होल्ट मिळतात आणि लाल एलईडीला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, तरीही दोन लिंबे सहसा पुरत नाहीत, कारण लिंबाचा अंतर्गत रोध मोठा असल्याने धारा वाहू लागताच विभवांतर घसरते. तीन-चार लिंबे घेतल्यास एलईडी मंद का होईना, लागतो. टॉर्चचा बल्ब मात्र लागणार नाही, त्याला लागणारी धारा लिंबे देऊ शकत नाहीत. एलईडीचा लांब पाय तांब्याच्या टोकाला जोडावा. तो लागला नाही तर आधी पाय उलटे जोडले आहेत का, हे पाहावे.